नाश्ता

मडगावात माझा दिवस मावळतो सकाळी साडेसातला.
हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरून, न्यू मार्केटमागच्या गल्लीत,
जिथं दुकानांची शटरं अजून अर्ध्यावर जांभई देत असतात,
त्या कॅफेत मी रात्रीचं जेवते.

बसप्पा विचारत नाही.
टेबल पुसतो, म्हणजे पाणी या कडेकडून त्या कडेला नेतो,
आणि आत ओरडतो : एक मिक्स, दोन उंडे, मिरची वेगळी!
खाली बटाट्याची सुकी, तिच्यावर चण्याची पातळ,
वर कांदा, मी कधीच न मागितलेला.

पहिल्या वर्षी उंडा चिवट लागायचा.
चंदगडची मी, भाकरीवर वाढलेली.
आता नुसत्या बोटांना कळतं
पाव पहाटेचा की कालच्या संध्याकाळचा.
बसप्पा गदगचा. गल्ल्यावरचे प्रियोळकर तेवढे इथले,
आणि तेही सांगतात, आजोबा फोंड्याहून आले, डोक्यावर पितळी पातेलं घेऊन.

बुधवारी समोरच्या बाकावर एक माणूस बसला.
त्यानं मला ओळखलं नाही.
मास्क नव्हता, टोपी नव्हती, केस सुटलेले.
मी ओळखलं.
खाट नंबर अकरा, त्याचे वडील,
पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
वेळ मीच लिहिली होती.

पंधरा उंडे बांध, तो म्हणाला, आणि भाजी, पातळ, तीन पिशव्या.
घरात आज चूल पेटायची नाही.
दुपारचं शेजारी बघतील,
पण सकाळी माणसं येतील, पोरं आहेत, त्यांना काय सांगायचं?
हे तो बसप्पाला सांगत होता,
ज्याला कोकणी येते ती फक्त भाज्यांपुरती.
बसप्पानं मान हलवली आणि पाव मोजले. सोळा.

शववाहिकेला तास होता.
फोडणी पडली आत, कढीलिंबाची,
आणि त्या माणसानं मान खाली घातली,
जणू कुणी त्याला पकडलं.
मग हळूच : एक मिक्स. इथंच.

रात्री दोनला मी त्याला चहा दिला होता, त्यानं परत केला होता.
त्याच्या आधीची दुपारही कोरडी गेली असावी.
हे फक्त मला माहीत होतं.
तो जेवला असा, की मला माझ्या प्लेटकडे बघावं लागलं.
पावानं प्लेट पुसली, पुसून झालेलीच पुन्हा पुसली.
मी माझी मिरचीची बशी पुढं सरकवली.
त्यानं वर न बघता दोन उचलल्या.
डोळ्यांत पाणी आलं त्याच्या,
आणि ते मिरचीचंच आहे असं आम्ही दोघांनी धरून चाललो.

प्रियोळकरांनी सगळे पैसे घेतले,
सुट्टे मोजून परत दिले, एक फाटकी नोट बदलून दिली.
मला ते बरं वाटलं.
त्या दिवशी कुणी त्याला सूट दिली असती
तर तो तिथंच कोसळला असता.

मी घरी जाऊन पडदे ओढले. सहाला उठले.
आठ वाजता पिएदादच्या खानावळीत, स्टुलावर,
शीत, हुमण, सुंगटांची किस्मूर,
आणि रेशाद भरलेला बांगडा, कडा करपलेला.
लोक बिल मागत होते, टूथपिक शोधत होते.
पिएदादनं ताट ठेवलं आणि रोजच्यासारखं,
रात्री आठ वाजता, एकट्या मलाच म्हणाली :
देव बरो दीस दिंव.

बुधवारी मी पहिल्यांदा तिला उत्तर दिलं.
आणखी एक बांगडाही मागितला. उरला नव्हता.

वॉर्डात शिरले तेव्हा हात तीनदा धुऊनही
बोटांना मसाल्याचा वास होता.
अकरा नंबरवर नवी चादर, नवीन आजोबा, कानाला गरम टोपी.
सिस्टर, विचारतात ते, जेवलीस का गो?
नाही, म्हटलं.
जेवण सकाळी. आत्ता फक्त नाश्ता झालाय.